दोन डिस्क, एक केबल

पक्क्याच्या बायकोचा आवाज उद्या सकाळी जाणार होता, आणि पक्का आज भर दुपारी कॉम्प्युटर उघडून बसला होता. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. नंतर त्यालाही वाटलं. पण त्या दुपारी त्याला त्यात काहीच खटकलं नाही. उलट आपण शहाणपणाचं काम करतोय, आणि बायकोसाठी करतोय, या खुशीत तो शीळ घालत होता.

पक्का हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. प्रत्येक नट आवळून झाला की "पक्कं झालं?" असं स्वतःलाच मोठ्याने विचारायची त्याला खोड होती, आणि पुन्हा एकदा पाना फिरवल्याशिवाय तो जिन्यावरून खाली उतरत नसे. कामावरच्या टवाळांनी त्याचं नाव पाडलं पक्का. बायकोने ते हौसेने घरी आणलं. तोंडावर ती त्याला "अहो"च म्हणायची, पण बहिणीशी फोनवर बोलताना "आमचा पक्का काय म्हणतो माहितीये" अशी सुरुवात झाली की पुढचा तास कुणाचा, हे सांगायला नको.

कारण बायको बोलकी. नुसती बोलकी नव्हे, बोलण्यावरच पोट भरणारी. एका टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसून ती ड्रायव्हरांना रस्ते सांगायची, कोण कुठे अडकलाय, कोणी कुठलं गिऱ्हाईक उचलायचं, कोण उगाच चहा पीत बसलाय, सगळं. अर्ध्या ड्रायव्हरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज त्यांच्या कानात बसला होता. किंचित घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी हसू दाबल्यासारखा. तो घोगरेपणा वाढत गेला तेव्हा सगळ्यांनी थट्टाच केली. पक्क्यानेही केली. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. जीव वाचेल. आवाज नाही.

घरी येऊन दार लावल्यावर ती म्हणाली, "चला, तुमची सुटका झाली." आणि मग रडली.

हॉस्पिटलात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी वाट दाखवली. आम्ही देतो ती वाक्यं मोठ्याने वाचायची, रेकॉर्ड करायची, भरपूर. त्या साठ्यातून तुमचा आवाज यंत्रात तयार करता येतो. पुढे तुम्ही टाइप करायचं, आणि ते तुमच्या आवाजात बोलेल. पण एकदा ऑपरेशन झालं की काही करता येणार नाही, साठा आधीच झाला पाहिजे, आणि पूर्ण झाल्यावर सगळा एकदम आणून द्या, असं त्यांनी बजावलं.

त्या दिवसापासून घरातला जुना कॉम्प्युटर हाच घरातला सगळ्यात मोलाचा ऐवज झाला. एरवी त्याला कोणी विचारत नव्हतं. एका ऑफिसने मोडीत काढलेला, वरचं झाकण एका बाजूने वाकलेलं. बायकोने खिडकीवर गोधडी टांगली, पंखा बंद केला आणि मायक्रोफोनसमोर बसून वाचायला लागली. संध्याकाळमागून संध्याकाळ. वाक्यं फार रटाळ होती. मधूनच ती थांबायची, "हे वाक्य कुठल्या शहाण्याने लिहिलंय, देव जाणे," असं म्हणायची, आणि तेही रेकॉर्ड व्हायचं. पक्का म्हणे, ते पुसून टाक. ती म्हणे, अजिबात नाही, नुसतं गोड बोलणारं यंत्र घेऊन मी काय करू, भांडायला पण आवाज पाहिजे ना.

पक्क्याचं काम राखणदाराचं. त्याने आधीच जुनी डिस्क काढून नवीन तऱ्हेच्या दोन स्वस्त डिस्क आणल्या होत्या, आत फिरणारी चकती नसलेल्या, नुसत्या चिपांच्या. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी कपाटात स्वेटरांच्या घडीत. दर थोड्या दिवसांनी तो कॉम्प्युटरचं झाकण उघडून दुसरी डिस्क जोडायचा, नवीन रेकॉर्डिंग तिच्यावर उतरवायचा आणि परत स्वेटरांत ठेवायचा. घराला आग लागली तरी एक वाचेल, असा त्याचा हिशेब. आवाज दोन ठिकाणी होता. एकाला काही झालं तर दुसरी होतीच.

काल वाक्यांचा शेवटचा गठ्ठा वाचून संपला. आज सकाळी ती हॉस्पिटलात दाखल झाली. अंगठी आणि फोन पक्क्याच्या हातात देत ती म्हणाली, "उद्या मी आत असताना तुम्ही नुसते बाकावर बसून नखं कुरतडणार. त्यापेक्षा डिस्क बाईंना देऊन या." पक्का म्हणाला, देतो.

आता हे खेळाचं. बायकोला कॉम्प्युटरवरच्या खेळांचं वेड होतं, आणि या वयात हे काय म्हणणाऱ्यांना ती हिंग लावून विचारत नसे. तिची धाकटी बहीण फार लांबच्या शहरात राहायची. दोघींनी मिळून एक बेट वसवायचं, घरं बांधायची, होड्या सोडायच्या, असा एक नवीन खेळ बहिणीने घेतला होता. पण यांच्या कॉम्प्युटरवर तो एका जागी रुतून बसायचा. होडी किनाऱ्यावरून निघायची ती पाण्यात पोचेपर्यंत भाजी चिरून व्हायची. दाखल होण्याच्या चार दिवस आधी बायको सहज म्हणाली होती, "ते यंत्र तयार होईपर्यंत फोनवर मी मुकीच. तिकडे बेटावर तरी दोघींना टाइप करून भांडता आलं असतं."

एवढंच. पण पक्क्याच्या मनात ते घर करून बसलं. ती घरी येईल तेव्हा खेळ सुरळीत चालला पाहिजे.

पैसा तर हॉस्पिटलने आधीच पिळून घेतला होता, तेव्हा नवीन काही आणायचा प्रश्नच नव्हता. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळाची चित्रं रंगवणारा जो मोठा भाग असतो तो, कामावरच्या एका सोबत्याने पोराचा जुना म्हणून जवळजवळ फुकट दिला. पण कार्ड वीज खाणारं. कॉम्प्युटरचा जुना पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्याच्यापुढे टिकला नसता. म्हणून बायकोला वॉर्डात सोडून पक्का थेट जुन्या मालाच्या दुकानात गेला.

दुकानदार धुळीने सतत शिंकणारा माणूस होता. त्याने एक चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय काढून दिला. मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य पाटीच्या, आणि कार्डच्या वायरी त्याला जोडलेल्याच होत्या, पण डिस्कना वीज देणारी केबल दोन्ही टोकांनी निघणारी, आणि ती नेमकी जागेवर नव्हती.

"ती कुठेतरी आहे," दुकानदार नाक पुसत म्हणाला. "परवा या, शोधून ठेवतो."

पक्क्याने बाजूच्या खोक्यात हात घातला. त्यात केबलींचा गुंताच होता. त्यातली एक त्याने ओढून काढली, पॉवर सप्लायच्या सॉकेटला लावून पाहिली. बरोब्बर बसली. खटक्यासकट.

"ही चालेल की."

"बसली हो. पण ती दुसऱ्या कंपनीची आहे. बसली म्हणजे चालेलच असं नाही."

"बसतेय तर चालणार नाही का?"

"मी तर म्हणतो, परवा या."

पक्का मनातून हसला. वीस-एक वर्षं लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमध्ये हात घालणाऱ्या माणसाला हा केबल शिकवतोय. लिफ्टमध्ये माणसं असतात. तिथे प्रत्येक प्लगला वेगळी खाच असते, मुद्दाम, की चुकीचा प्लग चुकीच्या जागी शिरूच नये. अंधारात, घाम डोळ्यात उतरत असताना, शिकाऊ पोरानेही जोडला तरी चूक व्हायला नको. बसलं की बरोबर, नाही बसलं की चूक. या नियमावर त्याने आयुष्यभर विश्वास टाकला होता आणि नियमाने त्याला कधी दगा दिला नव्हता. ज्यांच्या यंत्रात माणसं चढत नाहीत, त्यांनी असा नियम पाळलेलाच नसेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"द्या ही," तो म्हणाला. परवापर्यंत थांबला असता तर काही बिघडलं नसतं. बायको परवा काही घरी येत नव्हती. पण माणसाला एकदा हुरूप आला की आला.

दुकानदाराने हात वर केले. "तुमची जबाबदारी बरं."

घरी येऊन त्याने जेवायचंही मनावर घेतलं नाही. टेबलावर जुनी चादर अंथरली, कॉम्प्युटर आडवा केला. ब्रशने धूळ काढली, जुना पॉवर सप्लाय सोडवताना प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव घातलं. नवीन जागेवर बसवला. कार्ड बसवलं. बाहेर ऊन होतं, खिडकीवरची गोधडी अजून तशीच टांगलेली होती, म्हणून त्याने दिवा लावला. त्या खोलीत महिनाभर तिचा आवाज ऐकायची इतकी सवय झाली होती की शांतता त्याला जाणवत होती. म्हणून तर तो शीळ घालत होता.

केबल लावली. तिला ओळीने तीन-चार प्लग होते. पहिला प्लग त्याने आतल्या डिस्कला जोडला. बटण दाबणार, तेवढ्यात त्याला आठवलं.

कालचा शेवटचा गठ्ठा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा राहिला होता.

इथे पक्क्याचं पक्केपण जागं झालं. एवढा मोठा खेळ उतरवायचा, त्यात काही गडबड झाली तर? आधी आवाज सुरक्षित, मग बाकी सगळं. तो उठला, कपाट उघडलं, स्वेटरांच्या घडीतून दुसरी डिस्क काढली. आणि नेहमीप्रमाणे ती आत जोडली. त्याच केबलचा पुढचा प्लग.

"पक्कं झालं?" त्याने विचारलं. प्रत्येक प्लग पुन्हा एकदा दाबून पाहिला. झालं होतं. त्याने बटण दाबलं.

पंखे फिरले. कार्डावरचा छोटा दिवा लागला. मग कुठेतरी आत चट्‌ असा आवाज झाला, अगदी हलका, आणि लगेच दुसरा. पडद्यावर पांढरी अक्षरं आली की डिस्क सापडत नाही. पक्का ती वाचत होता, पण त्याच्या नाकाला आधीच कळलं होतं. जळलेल्या पॅनेलचा वास त्याने इतक्या वेळा घेतला होता की चुकायचा प्रश्नच नव्हता.

त्याने मेन स्विच बंद केला. डिस्कला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. दुसरीला लावला. तीही तापलेली. त्याने दोन्ही डिस्क आणि ती केबल ओढून काढली आणि तडक दुकान गाठलं.

दुकानदाराने दोन्ही डिस्क हातात घेतल्या, वास घेतला, आणि त्या वेळी मात्र तो शिंकला नाही. केबलचं टोक उजेडात धरून बघत राहिला.

"ज्या पिनेवर ह्या कंपनीचे पाच व्होल्ट असतात ना," तो हळू म्हणाला, "तिथे त्या कंपनीचे बारा येतात. खाच सारखी, आतलं वेगळं. म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं." मग त्याने पक्क्याकडे पाहिलं. "दोन्ही एका केबलला लावल्यात?"

पक्क्याने मान हलवली.

"चकतीवाली असती तर खटपट करून आतलं काढणारे लोक आहेत. ह्यात चिपच माल सांभाळते, आणि चिपच जळलीये. काय होतं ह्यात?"

"बायकोचा आवाज," पक्का म्हणाला.

दुकानदाराने पैसे परत करायला गल्ला उघडला, पण पक्का तोवर रस्त्यावर आला होता.

रस्त्यावरूनच त्याने वाचा-उपचारवाल्या बाईंना फोन लावला. झालं ते सांगितलं.

"तिने फोनवर बोलून पाठवलेले निरोप आहेत," तो म्हणाला. "येताना दूध आणा, छत्री विसरू नका, असे. ते चालतील?"

"त्याने काही होणार नाही," बाई म्हणाल्या. "पण ऐका. आज संध्याकाळ आहे अजून. निदान तासभर तरी ती सलग, स्पष्ट बोलली आणि ते तुमच्या फोनवर रेकॉर्ड झालं, तरी त्यातून मी काहीतरी जमवते. पूर्वीसारखं नाही होणार, पण तिचा आवाज म्हणून ओळखू येईल. तुम्ही आत्ता जा आणि तिला खरं काय ते सांगा. लपवू नका. कळलं की ती बोलेल."

भेटायची वेळ झाली तेव्हा पक्का वॉर्डाच्या दाराशी सगळ्यांत पुढे उभा होता. रेकॉर्डिंग चालू करून फोन त्याने शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला होता. सांगायचं काय, हे तो जिना चढताना घोकत आला होता.

बायको खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. हॉस्पिटलच्या कपड्यांत लहान दिसत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई झोपल्या होत्या. पक्का स्टुलावर बसला. तिने त्याच्याकडे पाहून पहिली गोष्ट विचारली ती हीच.

"डिस्क काढून ठेवलीत ना उद्यासाठी?"

हीच ती वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं. ती चिडली असती, रडली असती, मग उठून बसली असती आणि वर्तमानपत्र घेऊन वाचायला लागली असती. तिला तो ओळखत होता. पण तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदा शांतपणा दिसत होता, आणि तो आपल्या हाताने पुसायचा, हे त्याच्याने होईना.

"काढली," तो म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं."

तिने मान मागे टेकवली. "बरं झालं. सगळी भीती त्याचीच होती बघा. ऑपरेशनची नाही."

"अगं, मग बोल ना काहीतरी," पक्का म्हणाला. "गप्प का? नेहमी तर तोंडाचा पट्टा चालू असतो तुझा."

"डॉक्टर म्हणाले, घशाला आराम द्या." ती हसली. "आणि खरं सांगू का, बोलावंसंच वाटत नाही आज. इतकी वर्षं मीच बोलले, तुम्ही ऐकलंत. आज तुम्ही बोला. मी नुसती ऐकते. माझं काय, घरी साठवून ठेवलंय की सगळं."

त्याने दोनदा प्रयत्न केला. बहिणीचं विचारलं, तिने नुसती मान डोलावली. कंट्रोल रूममधल्या त्या चहा पीत बसणाऱ्या ड्रायव्हराचं विचारलं, एरवी त्यावर ती तासभर बोलली असती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. मग पक्का बोलायला लागला. गप्प बसला असता तर खरं बाहेर पडलं असतं, म्हणून बोलत सुटला. एकदा दोन मजल्यांमध्ये लिफ्ट अडकली होती आणि आतल्या नवरदेवाने त्याला आधी पत्रिका दाखवली होती, ते सांगितलं. घरमालकाची नक्कल केली. ती घरी आल्यावर काय काय करायचं, ते सांगितलं. त्याच्या आयुष्यात तो एका बैठकीत इतकं कधी बोलला नव्हता. ती ऐकत राहिली, डोळे त्याच्यावर ठेवून, खूश.

घंटा झाली. नर्स दारातून हात हलवायला लागली. बायकोने त्याचा हात दाबला आणि सोडला.

बाहेर फाटकाजवळ एक बाक होता. पक्का तिथे बसला, खिशातून फोन काढला आणि कानाशी धरला. डिस्कचं विचारणं होतं, घशाला आराम द्यायचं होतं. त्यापुढे सगळा त्याचाच आवाज. मधे एकदा ती हसली होती, आणि हसण्याचा खोकला झाला होता. एकदा म्हणाली होती, "हळू बोला, शेजारच्या झोपल्यात." दोन-चारदा नुसतं "हं." तो पुढे सरकवत गेला, आणखी पुढे. लिफ्ट, नवरदेव, घरमालक. त्याचा, त्याचा आणि त्याचाच आवाज, शेवटच्या घंटेपर्यंत.

तो उठून फाटकाशी गेला. वॉचमन कुलूप अडकवत होता.

"दोन मिनिटं आत सोडा," पक्का म्हणाला. "बायकोला एक सांगायचं राहिलं."

"वेळ संपली, साहेब. उद्या ऑपरेशननंतर सोडतील."

"आजच सांगायला हवं."

"कशाचं ऑपरेशन आहे?"

"घशाचं."

"मग कानांना काय धाड भरलीये?" वॉचमन समजुतीने म्हणाला. "उद्या सांगा. ऐकू तर येईल ना त्यांना?"

"येईल," पक्का म्हणाला, आणि फाटकाच्या गजांना धरून उभा राहिला.